अमेरिकेतील प्लेसमेंट चाचणी : पहिल्या वर्षाला निघण्यापूर्वी

बारावीनंतर पदवीसाठी अमेरिकेत निघालेल्या विद्यार्थ्याला प्लेसमेंट चाचणीची सूचना आली की ती आणखी एक प्रवेश परीक्षा वाटते. प्रत्यक्षात प्रवेश आधीच मिळालेला असतो आणि पहिल्या सत्रात गणिताच्या कोणत्या पायरीवर बसायचे, एवढेच तिच्यातून ठरते. जेईईच्या सवयीने लगेच क्लास शोधू नका.

गणितासाठी अनेक विद्यापीठे ‘ॲलेक्स’ ही संगणकीय चाचणी वापरतात. तिच्यात जास्तीत जास्त ३० प्रश्न असतात आणि तुमच्या उत्तरांनुसार पुढचे प्रश्न बदलत जातात. एखादा प्रश्न येत नसेल तर तसे नोंदवण्याची सोय असते, ती निःसंकोच वापरा. अंदाजाने जुळलेले उत्तर तुम्हाला न पेलणाऱ्या वर्गात नेऊन बसवू शकते. शंभरपैकी मिळालेल्या गुणांवर कॅल्क्युलसला थेट बसता येईल का, याची मर्यादा प्रत्येक विद्यापीठ स्वतः ठरवते, त्यामुळे मित्राच्या विद्यापीठाचा आकडा तुमच्या कामाचा नाही.

अभियांत्रिकीला जाणाऱ्यांनी मात्र ही चाचणी हलक्यात घेऊ नये, कारण कॅल्क्युलस एक सत्र लांबले की त्यावर आधारलेले भौतिकशास्त्रही बहुधा मागे सरकते. माझ्या मते उजळणी विकलनापेक्षा घातांक, लॉगरिदम आणि त्रिकोणमितीची करावी. चाचणीचा भर तिथेच असतो. पहिल्या प्रयत्नानंतर कच्च्या भागांचा सराव करून पुन्हा बसण्याची मुभा बहुतेक ठिकाणी असते, पण ती विषयनोंदणीच्या मुदतीआधीच वापरावी लागते.