जुनं गोवं चर्चपासून नको, धक्क्यापासून बघायला सुरुवात करा

तुमचा प्रश्न असा आहे: "आई-वडिलांना घेऊन बेळगावहून जुनं गोवं बघायला जायचंय. चर्च सोडून तिथं बघण्यासारखं काय आहे, आणि एक दिवस पुरतो का?"

पुरतो. मात्र पहाटे निघायला पाहिजे. दहा वाजता नाश्ता करून, वाटेत जांबोटीला चहा घेऊन निघणार असाल तर पणजीत एक मुक्काम धरूनच चला.

बेळगावातल्या निम्म्या लोकांनी जुनं गोवं बघितलेलंच असतं. म्हणजे काय, तर गाडी चर्चपुढं थांबते, रांगेत उभं राहायचं, "ते शव दिसलं का?" "दिसलं." "चला, आता बीचवर." शाळेच्या सहलीत मीपण तसंच बघितलं होतं. लक्षात राहिलं ते एवढंच, की पुढच्या पोराची चप्पल तुटली होती.

नंतर एकदा आप्पांना घेऊन गेलो. आप्पांचं सगळं आयुष्य भाजीच्या धंद्यात गेलं. रात्री बेळगावात ट्रक भरायचा, पहाटे गोव्यात उतरवायचा. त्यांना चर्चच्या पुढ्यात उभं करून मी वाचलेलं सगळं सांगत होतो, की हे पूर्वेकडचं केवढं मोठं शहर होतं, जगभरची जहाजं यायची. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते ठीक आहे. पण माल कुठं उतरत होता?"

मला उत्तर आलं नाही. समुद्र तर तिथून कुठंच दिसत नाही. मग रस्ता ओलांडून नदीकडं उतरत गेलो, पाचेक मिनिटांत जांभ्याची एक मोठी कमान लागली आणि तिच्यापलीकडं मांडवीचं पाणी. फेरीबोट लागलेली, माणसं, स्कूटरी उतरत होत्या. आप्पा म्हणाले, "हां, हे बंदर." तेव्हापासून जुन्या गोव्याला कुणी जाणार असेल तर मी एकच सांगतो: ते शहर पाण्यावरून बघायचं आहे. रस्त्यानं गेलात तर तुम्ही मागच्या दारानं शिरता.

आणि आपल्या बेळगावकरांना पाण्यावरून जाणं अवघड नाही, उलट ते वाटेवरच आहे. चोर्ला घाट उतरून केरी, साखळी, डिचोली असं आलात की सरळ पणजीकडं धावू नका. डिचोलीहून नार्व्याला वळा. तिथं सप्तकोटीश्वराचं देऊळ आहे. मूळ देऊळ समोरच्या दिवाडी बेटावर होतं, गोव्याच्या कदंब राजांचं कुलदैवत. ते पोर्तुगीजांनी मोडल्यावर लिंग नदीपार नार्व्याला आणलं गेलं, आणि 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. अलीकडं पुन्हा डागडुजी होऊन 2023 मध्ये ते नव्यानं खुलं झालं. उतरती कौलं, घुमटासारखं शिखर, पुढं दीपस्तंभ. देऊळ लहान आहे, गर्दी नसते. आई-वडिलांना इथं शांतपणे बसू द्या, घाई करू नका.

कदंब हे नाव तुम्ही रोज वाचता. बेळगावच्या बसस्टँडवर गोव्याची 'कदंब' बस लागते, तिच्यावरचा सिंह त्याच राजांचा. त्यांची दुसरी राजधानी होती आपल्या खानापूर तालुक्यातली हलशी. तिथलं भूवराह नरसिंहाचं देऊळ बघितलं असेल तर नार्व्यात उभं राहिल्यावर दोन्ही जागा जोडल्या जातात. नसेल बघितलं, तर आधी कधीतरी एका रविवारी हलशीला जाऊन या की, घरापासून तासाभरावर तर आहे.

नार्व्याहून फेरीनं दिवाडी. पायी माणसाला फेरीला पैसे पडत नाहीत, गाडीचे किरकोळ. दिवाडी म्हणजे खाजन (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेतं), नारळ, जुनी घरं, मधूनच एखादा म्हातारा पोर्तुगीज धाटणीच्या ओटीवर पेपर वाचत बसलेला. टेकडीवर पिएदादचं चर्च आहे, तिथवर गाडी जाते. तिथल्या कब्रस्तानातलं छोटंसं चॅपेल बघाच. त्याच्या छताचं कोरीवकाम देवळाचं आहे, कदंबांच्या काळातलं. वर मान करून कमळ बघायचं आणि खाली थडगी. मला जुन्या गोव्यातल्या सोनेरी वेदींपेक्षा ही जागा जास्त आठवते. टेकडीवरून नदीपलीकडं झाडीतून पांढरी चर्चं वर आलेली दिसतात, ते जुनं गोवं.

मग दुसरी फेरी. ही उतरते ती थेट त्या कमानीपाशी. हिला व्हाइसरॉयची कमान म्हणतात. सोळाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सिस्को द गामा हा व्हाइसरॉय असताना ती बांधली गेली, आणि आपले पणजोबा वास्को द गामा यांचा पुतळा त्यानं नदीकडच्या अंगाला बसवला. पोर्तुगालहून नवा व्हाइसरॉय आला की इथंच उतरायचा आणि या कमानीखालून समारंभानं शहरात शिरायचा. कमान एकदा ढासळली होती, आजची 1954 मध्ये नीट केलेली आहे. आतल्या बाजूला वळून बघा: एक बाई हातात तलवार घेऊन उभी, आणि पायाखाली एक माणूस. पायाखालचा माणूस आपल्यासारखा दिसतो. गाइड लोक ही बाजू सहसा दाखवत नाहीत, कारण त्यांचे गिऱ्हाईक चर्चकडून येतात आणि इथवर पोचतच नाहीत.

कमानीतून वर जाणारा रस्ता आज रिकामा आहे, दोन्हीकडं नारळ आणि गवत. हाच त्या शहराचा मुख्य बाजाररस्ता होता, रुआ दिरैता. 1580 च्या दशकात लिन्स्कोटन नावाचा एक डच माणूस इथं आर्चबिशपचा कारकून म्हणून राहिला होता. त्यानं लिहून ठेवलंय की या रस्त्यावर रोज सकाळी लिलाव चालायचा. घोडे, कापड, मसाले आणि गुलाम माणसंसुद्धा. आप्पांना हे सांगितल्यावर ते थोडा वेळ गप्प राहिले. मग विचारलं, "लिलाव सकाळी कितीला?" त्यांच्या डोळ्यापुढं मार्केट यार्ड उभं राहिलं असणार.

घोड्यांचं मात्र आपल्याशी थेट नातं आहे. दख्खनच्या हवेत चांगली घोड्याची पैदास होत नव्हती, त्यामुळं बहमनी, विजयनगर, आदिलशाही, सगळ्यांनाच अरबस्तान आणि इराणच्या बाजूचे घोडे समुद्रमार्गे आणावे लागायचे. जो गोव्याचं बंदर धरेल त्याच्या हातात शेजाऱ्याच्या फौजेची नाडी. म्हणूनच बहमनी वजीर महमूद गवान यानं 1470 च्या दशकात गोवा घेतलं आणि पाठोपाठ घाट चढून बेळगावचा किल्लाही घेतला. बंदर एकाकडं आणि घाटमाथा दुसऱ्याकडं, हे कुणालाच परवडत नव्हतं. पुढं बंदर विजापूरच्या आदिलशाहीकडं आलं, आणि 1510 मध्ये पोर्तुगीज सेनापती अल्बुकर्कनं ते आधी घेतलं, गमावलं, आणि 25 नोव्हेंबरला पुन्हा घेतलं. तो सेंट कॅथरीनचा दिवस, म्हणून तिथलं मोठं कॅथेड्रल तिच्या नावानं.

आदिलशहाच्या वाड्याचं आता एकच दार उरलंय, सेंट कॅजेटन चर्चच्या आवारात. काळ्या दगडाची चौकट, थोड्या पायऱ्या, मागं काही नाही. जवळ जाऊन चौकटीची नक्षी बघा, ती देवळाच्या दारासारखी आहे. देवळाच्या कारागिरानं सुलतानासाठी घडवली असावी, आणि पुढं त्याच वाड्यात व्हाइसरॉय राहिले. बाजूचं कॅजेटन चर्च रोममधल्या सेंट पीटर्सच्या धर्तीवर बांधलेलं आहे, घुमट छान आहे, पण तुम्ही आधी दार बघा.

आता चर्चं. तुम्ही 'सोडून' म्हणालात, पण दोन सोडू नका. बॉम जेझू 1594 ते 1605 या काळात बांधलं. ते लाल दिसतं कारण वरचा गिलावा विसाव्या शतकात काढून टाकला. म्हणजे जो रांगडेपणा बघून लोक "किती जुनं!" म्हणतात, तो तसा नवाच. आपण जांभ्याच्या मुलखातली माणसं, उघडा जांभा पावसात कसा झिजतो हे आपल्याला कुणी सांगायला नको. आत सेंट फ्रान्सिस झेवियर या ख्रिस्ती संताचं शव ठेवलेली पेटी चांदीची आणि तिच्याखालचा संगमरवरी चौथरा इटलीतून, टस्कनीच्या ग्रँड ड्यूकनं पाठवलेला. दर दहा वर्षांनी ते शव दर्शनाला खाली आणतात, मागची वेळ 2024 च्या अखेरीस होती. समोरच्या से कॅथेड्रलला दोन बुरूज होते, एक 1776 मध्ये पडला. तो नसल्यामुळं इमारत एका बाजूनं मोकळी वाटते. मला ती तशीच बरी वाटते.

टेकडीवर सेंट ऑगस्टिनचा पडका मनोरा आहे. 46 मीटरचा. 1834 नंतर पोर्तुगालनं मठच बंद केले, माणसं गेली, 1842 मध्ये छत कोसळलं, आणि 1931 मध्ये मनोऱ्याचाही अर्धा भाग आला खाली. त्याची घंटा आज पणजीच्या पांढऱ्या, पायऱ्यांच्या चर्चमध्ये आहे. चढ आहे, पण मोठा नाही, संध्याकाळी जा.

गावात 'हातकातरो खांब' नावाचा एक खांब रस्त्याकडेला उभा आहे. नावावरून कळतंच. गोव्यातलं इन्क्विझिशन, म्हणजे धर्माविरुद्ध वागणाऱ्यांना शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, 1560 ते 1812 चाललं, आणि आज आपण फोंड्याकडं ज्या मंगेशी-शांतादुर्गेला जातो ते देव त्या काळात नदीपार हलवलेले आहेत. आई देवळात जायचं म्हणाली तर हे जोडून सांगता येतं.

मराठी माणसानं अजून एक गोष्ट ध्यानात ठेवावी. भारतातला पहिला छापखाना 1556 मध्ये याच गावात, सेंट पॉल कॉलेजात उतरला. कॉलेजची आता नुसती दर्शनी भिंत उभी आहे. आणि थॉमस स्टीफन्स या इंग्रज पाद्र्यानं मराठी ओव्यांत लिहिलेलं ख्रिस्तपुराण 1616 मध्ये गोव्यातच, राशोलला छापलं गेलं, तेही रोमन लिपीत. आपल्या सीमाभागात भाषेवरून एवढं रामायण चालतं, म्हणून ती भिंत बघताना मला जरा गंमत वाटते.

शहर ओस का पडलं? साथीचे रोग. पटकी, हिवताप. व्हाइसरॉय आधी पणजीच्या वाटेवर पणेलीत राहायला गेला, आणि 1843 मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. पणजी बघायचीच असेल तर मळा-फोंताइन्यास या जुन्या वस्तीत पायी फिरा आणि जुन्या सचिवालयाजवळ मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या दारातल्या निळ्या चित्रफरशा बघा. पणजीला जाताना रायबंदरवरून जुना रस्ता घ्या. तिथला लांबलचक पूलवजा रस्ता 1630 च्या दशकातला आहे आणि गाड्या अजून त्यावरूनच जातात.

एक सावधगिरी. फोनमध्ये 'गोवा वेल्हा' टाकू नका. मी टाकलं होतं, आणि पणजी-मडगाव रस्त्यावर भलत्याच गावात जाऊन उभा राहिलो. गाडीत आई, मावशी, दोघींच्या मांडीवर डबे. ते गोवा वेल्हा वेगळं: कदंबांचं गोपकपट्टण बंदर तिथं होतं, जुवारीवर. ते मागं पडल्यावर व्यापार मांडवीवर आला. तुम्हाला 'ओल्ड गोवा' पाहिजे.

रविवारी सकाळी चर्चमध्ये प्रार्थना असतात, 3 डिसेंबरच्या फेस्ताला पाय ठेवायला जागा नसते, ते दिवस टाळा. खांदे-गुडघे झाकलेले कपडे घाला. मासे खायचे असतील तर सोमवार-गुरुवार बघूनच ठरवा, नाहीतर वडील नुसती सोलकढी पिऊन उठतील.

घाट दिवसाउजेडी चढा. पावसाळ्यात चोर्ल्यात धुकं आणि दरडी, निघण्याआधी रस्ता चालू आहे का विचारून घ्या. चढून कणकुंबीला आलात की तिथं मलप्रभेचा उगम आहे, ती पूर्वेला कृष्णेकडं जाते. त्याच खानापूर तालुक्यातल्या जंगलात म्हादई उगवते आणि पश्चिमेला उतरते. सकाळी फेरीतून ओलांडलेली मांडवी ती हीच.

आणि हो, फेरीवर गाडीत काचा लावून बसून राहू नका, आई-वडिलांना खाली उतरवा. आप्पा एसीतून उतरले नव्हते. घरी आल्यावर म्हणाले, "कमान पाण्यावरून कशी दिसते ते बघायचं राहिलं," आणि मला पुढच्या महिन्यात परत जावं लागलं.