बंद डोळ्यांची बाई आणि नारळाचं झाड

प्रश्न : मॅडम, मी ४६ वर्षांची, साताऱ्याला असते, बँकेत नोकरी करते. लॉकडाऊनमध्ये आर्ट जर्नल, म्हणजे चित्रं आणि चार शब्द यांची रोजनिशी, सुरू केलं. तीन वह्या झरझर भरल्या. चौथी मात्र अकराव्या पानावर अडकून बसली आहे. काहीही काढायला घेतलं तरी तेच होतं: मागे पातळ निळ्या रंगाचा हात, कडेला वॉशी टेप (नक्षीची कागदी चिकटपट्टी), मधोमध डोळे मिटलेली एक बाई आणि खाली एखादं वाक्य. म्हणून नेटवरून तीस दिवसांच्या प्रॉम्प्टची, म्हणजे चित्रासाठी सुचवलेल्या विषयांची, यादी छापून आणली. ‘कृतज्ञता’, ‘तुमच्यातलं लहान मूल’, ‘आज मनात कोणता रंग आहे’ असले विषय. सहाव्या दिवशी यादी कपाटात गेली. माझंच काही चुकतंय का?

उत्तर : तुमचं नाही, यादीचं चुकतंय. ‘कृतज्ञता’ म्हटल्यावर तुमची ती बाईच येणार, दुसरं कोण येणार? फार तर या वेळी हात जोडून येईल.

मी शाळेत ३१ वर्षं चित्रकला शिकवली. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना स्मरणचित्राचा, म्हणजे समोर न बघता आठवून काढायच्या चित्राचा, पेपर असायचा. ‘जत्रा’, ‘भाजीबाजार’, ‘बसथांबा’ असे विषय यायचे. म्हणजे प्रॉम्प्टच की! पण मुलं महाहुशार. विषय कुठलाही येवो, डावीकडे डोक्यावर पाटी घेतलेली बाई, उजवीकडे नारळाचं झाड, मागे डोंगर. जत्रेत नारळ, बसथांब्यावर नारळ. एका पोराने तर रेल्वेच्या फलाटावरही नारळ लावला होता. झाड पाठ, मग ते वाया कशाला घालवायचं!

रागावून काही उपयोग झाला नाही. मग मी विषयाचंच शेपूट बदललं. ‘बसथांबा’ नाही, तर ‘बस नुकतीच निघून गेल्यावरचा बसथांबा’. वर्ग पाच मिनिटं गप्प. मग कुणी धूळ काढली, कुणी एक राहून गेलेली पिशवी, कुणी धावत आलेला आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिलेला माणूस. नारळाला जागाच उरली नाही.

तुमची बाई हे तुमचं नारळाचं झाड आहे. ज्या विषयात ती बसूच शकत नाही, तो तुमच्यासाठी चांगला प्रॉम्प्ट. दुसऱ्याच्या यादीतून तो क्वचितच मिळतो. ऑक्टोबरभर रोज एका शब्दावर शाईने चित्र काढायचा ‘इंकटोबर’ तुम्ही ऐकला असेल. जेक पार्कर या अमेरिकी चित्रकाराने २००९ साली तो सुरू केला, तो मुळात स्वतःचं शाईचं काम सुधारावं म्हणून. त्याने औषध स्वतःच्या दुखण्यावर शोधलं होतं. आपण त्याची चिठ्ठी घेऊन दुकानात जातो.

म्हणून चिठ्ठ्या स्वतः करा. माझ्याकडे काजूकतलीचा रिकामा डबा आहे, त्यात विषय. चष्म्याच्या जुन्या घरात अटी. विषय सगळे घरातले, बोट दाखवता येईल असे: शेगडीखालची जागा, वाण्याची यादी, माहेरच्या माजघरातला कोनाडा, पासबुकातलं एक पान, वापरून संपत आलेला साबण. भावनेची एकही चिठ्ठी नाही. अटी हाताला अडवणाऱ्या: डाव्या हाताने, दोनच रंग, ब्रश बंद, फक्त काडी आणि कापूस, पेन उचलायचं नाही, मागचं एक पान फाडून या पानावर चिकटवायचं. (ही शेवटची मी स्वतःच दोनदा परत टाकली आहे. नियम असा की आठवड्यातून एकदाच चिठ्ठी बदलता येते. मी तो पाळत नाही, तुम्ही पाळा.)

परवा मला आलं ‘दारामागची खुंटी’ आणि ‘पेन उचलायचं नाही’. खुंटीला सात पिशव्या, एक छत्री. बंदांचा गुंता काढता काढता कुठली पिशवी संपली नि कुठली सुरू झाली ते कळेना. सगळ्यात आतली निघाली साडीच्या दुकानाची कापडी पिशवी, अक्षरं धुऊन निम्मी गेलेली. बहिणीच्या लग्नाच्या बस्त्याची ती. मी तिला हातही लावलेला नव्हता कितीतरी वर्षं. मग चित्राच्या कडेने त्या दिवसाबद्दल चार ओळी आल्या, न ठरवता.

एक चिठ्ठी ‘हळद’ अशी ठेवाच. हळद पाण्यात कालवून पान रंगवा, पूर्ण वाळू द्या. मग खायचा सोडा पाण्यात विरघळवून त्यात काडी बुडवा आणि त्या पिवळ्यावर काढा. पाणी दिसतं नितळ, पण रेघ उमटते तांबडी. हळदीला चुना लागला की कुंकू होतं, तीच ही करामत. जास्वंदीची पाकळी कागदावर घासली तर जांभळट डाग पडतो. त्यावर लिंबू लावलं की गुलाबी, सोडा लावला की हिरवट. पुढे काय उमटेल हे नक्की माहीत नसल्यामुळे हात पाठ केलेलं काढू शकत नाही. हे रंग टिकाऊ नाहीत. हळद उन्हात उडते, त्यामुळे फ्रेम करायला जाऊ नका. वही मिटलेली असते, तिथे बऱ्यापैकी राहतात.

आणि रोज काढायचा हट्ट सोडा. बँकेतून दमून आल्यावर तीस दिवस सलग कोण काढतं? आठवड्यात दोन चिठ्ठ्या पुष्कळ झाल्या.

ती अकरा पानं खराब झाली असं वाटत असेल तर माझंही ऐका. निवृत्त झाल्यावर मी हातकागदाची महागडी वही आणली आणि आठ महिने कोरी ठेवली. एका सकाळी दूधवाला दारात, हाताशी कागद नाही, म्हणून तिच्या पहिल्या पानावर दुधाचा हिशोब लिहिला. दुसऱ्या पानावर त्याच दिवशी त्याची किटली काढली.

प्रश्न : साध्या वहीत जलरंग वापरले की पान लाटांसारखं होतं. काय करावं?

उत्तर : लिहिण्याच्या वहीचा कागद साधारण ६० ते ८० जीएसएमचा (एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) असतो, पाणी त्याला झेपत नाही. जलरंगाला निदान २०० हवा, ३०० असेल तर उत्तम. आहे तीच वही वापरायची असेल तर दोन पानं ग्लू स्टिकने एकमेकांना चिकटवा, वर जाड शब्दकोश ठेवून रात्रभर राहू द्या. फेविकॉल नको, त्यातल्या पाण्यानेच पान आधी फुगतं.