ओपीडी पॉलिसी घेण्याआधी गोळ्यांची पिशवी डॉक्टरांपुढे ठेवा

प्रश्न : वडील ७३, आई ६९, दोघं कराडला. वडिलांना रोज ११ गोळ्या, महिन्याला ९ हजारांचं बिल. एजंटने दोघांसाठी ओपीडीसह, म्हणजे अॅडमिट न होता झालेला तपासणी-औषधांचा खर्चही देणारी, पॉलिसी सुचवली आहे. हप्ता ७८ हजार, पैकी १८ हजार ओपीडीचे. ओपीडीची मर्यादा वर्षाला २५ हजार. घ्यावी का?

उत्तर : जशी आहे तशी घेऊ नका.

ओपीडीचं गणित सरळ आहे. १८ हजार भरून मिळणार जास्तीत जास्त २५ हजार, तेही सगळी बिलं मंजूर झाली तर. औषधांवर तुमचे वर्षाला १ लाख ८ हजार जातात. त्यात या ७ हजारांनी काय होणार?

मला जास्त खटकली ती तुम्ही पाठवलेली वडिलांच्या गोळ्यांची यादी. तीन डॉक्टर, तीन चिठ्ठ्या. एकाने बीपीसाठी अॅम्लोडिपिन दिलंय. पाय सुजतात म्हणून दुसऱ्याने लघवीची गोळी दिली. अॅम्लोडिपिननेच पाय सुजू शकतात, हे कोणी तपासलं का? गुडघ्यासाठी रोज डायक्लोफेनॅक, त्याने बीपी वाढू शकतं आणि लघवीच्या आणि बीपीच्या काही गोळ्यांसोबत ते मूत्रपिंडालाही जड जातं. वर झोपेसाठी अल्प्राझोलाम. वृद्धांना शक्यतो टाळायच्या औषधांची 'बीअर्स' यादी अमेरिकेत १९९१ पासून आहे, २०२३ मध्ये ती सुधारली गेली. या जातीची झोपेची औषधं त्यात आहेत, कारण तोल जातो, माणूस पडतो. रात्री लघवीला उठताना पडून खुब्याचं हाड मोडलं, तर ऑपरेशनच्या बिलापुढे हे ९ हजार किरकोळ वाटतील.

मी डॉक्टर नाही. स्वतःच्या मनाने एकही गोळी बंद करू नका. अल्प्राझोलाम अचानक सोडणं तर धोक्याचं. पण सगळ्या स्ट्रिप्स, अगदी मेडिकलमधून आणलेल्या अॅसिडिटीच्या सुद्धा, एका पिशवीत घालून एकाच फिजिशियनकडे न्या आणि 'यातलं काय कमी करता येईल?' असं थेट विचारा. राहतील त्या औषधांची जेनेरिक (ब्रँडची नव्हे, मूळ औषधाची) नावं लिहून घ्या, जनऔषधी केंद्रात भाव बघा. तिथल्या किमती ब्रँडेडपेक्षा ५० ते ८० टक्के कमी असल्याचं सरकार सांगतं. सगळी औषधं मिळतीलच असं नाही.

वडिलांचं आयुष्मान वय वंदना कार्ड या आठवड्यात काढा. सत्तरीपुढच्यांना उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांचं कवच आहे. ते अॅडमिट झाल्यावरच चालतं आणि योजनेतल्याच हॉस्पिटलात, रोजच्या गोळ्यांना नाही. पुढच्या वर्षी आईही त्यात येतील, पण ५ लाख दोघांत मिळून.

म्हणून पैसे घालायचेच तर आईंच्या स्वतंत्र पॉलिसीत. त्यांना शुगर आहे. तिच्यासाठी प्रतीक्षा काळ, म्हणजे त्या आजाराचा खर्च कंपनी देत नाही तो काळ, ३ वर्षांपर्यंत असू शकतो, तो जितका लवकर सुरू होईल तितका बरा. एजंटकडून फक्त आईंचं, ओपीडीशिवायचं कोटेशन मागवा. फॉर्ममध्ये शुगर लिहायचीच, एजंट 'राहू द्या' म्हणाला तरी.

तुम्ही आयकराच्या जुन्या प्रणालीत असाल तर आणखी एक. वडिलांचा विमा काढला नाही, तर तुम्ही भरलेला त्यांचा औषधखर्च तुमच्या करपात्र उत्पन्नातून वजावटीला चालतो. आईंचा हप्ता धरून एकूण ५० हजारांपर्यंत. मात्र रोख दिलेलं धरत नाहीत. मेडिकलवाल्याला यूपीआय करा आणि पक्कं बिल मागा.