वाचकांचे प्रश्न : सहाही चाकांना ताकद, मग लॉक कशाला?

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी जीएमसी ट्रकचे डिफरन्शियल साधे होते, तर पुढे जर्मन लष्कराने घेतलेल्या युनिमॉग ट्रकला लॉक होता. चिखलात इतकी उपयोगी पडणारी सोय अमेरिकी ट्रकला का नसावी? (एक वाचक, सातारा)

उत्तर : वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावे लागते, म्हणून एका अ‍ॅक्सलवरच्या दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा डिफरन्शियल लागतो. मात्र साधा डिफरन्शियल दोन्ही चाकांना जवळजवळ सारखाच टॉर्क (फिरवण्याचा जोर) देतो. त्यामुळे एक चाक चिखलात 200 न्यूटन-मीटरलाच गरगरू लागले, तर कोरड्या जमिनीवरच्या दुसऱ्या चाकालाही तेवढ्यावरच भागवावे लागते, मग इंजिन कितीही दमदार असो. लॉक लावला की दोन्ही चाके एकाच दांड्यावर बसवल्यासारखी फिरतात आणि ज्याची पकड आहे ते चाक ओढायचे काम करते.

आता अडीच टनी जीएमसीकडे पाहू, ज्याचे उत्पादन पाच लाखांहून अधिक झाले. त्याच्या तीन अ‍ॅक्सलच्या दरम्यान डिफरन्शियल नव्हता; म्हणजे पुढचा अ‍ॅक्सल जोडलेला असताना गाडी जागीच फसायला तिन्ही अ‍ॅक्सलचे किमान एकेक चाक निसटावे लागे. 1955 मध्ये आलेल्या युनिमॉग 404 ला चारच चाके होती. खडबडीत जमिनीवर तिरप्या समोरासमोरच्या कोपऱ्यांतली (उदा. पुढचे डावे आणि मागचे उजवे) दोन चाके अधांतरी झाली, की साध्या डिफरन्शियलवर ती तिथेच थांबली असती. तिथे लॉकची गरज मोठी होती, जीएमसीला ती त्या मानाने कमी होती, असे माझे मत आहे.

लॉकची किंमतही मोजावी लागते. एरवी दोन हाफ शाफ्टमध्ये (डिफरन्शियलपासून चाकापर्यंतच्या दांड्यांमध्ये) वाटला जाणारा टॉर्क एकाच शाफ्टवर येऊ शकतो आणि तो तुटू शकतो. पुढचा लॉक लागलेला असेल तर स्टिअरिंग जड होऊन गाडी सरळच जाऊ पाहते. बर्फाळ आडव्या उतारावर तर साधा डिफरन्शियलच बरा, कारण एक चाक गरगरले तरी दुसरे गाडीला धरून ठेवते; लॉक असेल तर दोन्ही एकदम सुटतात आणि गाडी खाली घसरते.

1985 पासून बनू लागलेल्या हमव्ही या अमेरिकी लष्करी गाडीमध्ये मधला मार्ग दिसतो. तिचा टॉर्सन डिफरन्शियल कमी पकडीच्या चाकाला मिळणाऱ्या टॉर्कच्या काही पट टॉर्क दुसऱ्या चाकाला देतो. पण चाक हवेत गेले की शून्याची पट शून्यच. म्हणून चालकाने अ‍ॅक्सिलरेटर देतानाच ब्रेक हलका दाबायचा, म्हणजे हवेतल्या चाकाला विरोध मिळतो आणि जमिनीवरचे चाक ओढू लागते.

आपल्याकडे ट्रॅक्टरचा लॉक पायाने दाबतात, तेव्हा लक्षात ठेवण्याची बाब ही आहे : लॉक चिखलात शिरण्यापूर्वी किंवा चाके थांबलेली असताना लावावा. एक चाक गरगरत असताना तो लावला, तर लॉकचे दात एकमेकांवर आदळून तुटू शकतात.