नववीतला बँड: सोडायचा की सुरू ठेवायचा?

प्रश्न: माझी मुलगी नागपुरात नववीत आहे. दोन वर्षांपासून शाळेच्या बँडमध्ये साइड ड्रम वाजवते. शाळा सुटल्यावर रोज तास-दीड तास प्रॅक्टिस, जानेवारीत तर पहाटेही. आता क्रीडा महोत्सवासाठी चिअरलीडिंगच्या गटातही तिचं नाव घेतलंय. पुढच्या वर्षी दहावी. घरचे म्हणतात, सगळं बंद कर. ती रडारड करते. यात पुढे काही करिअर आहे का, की नुसता वेळ चाललाय? (एक आई, मानेवाडा)

उत्तर: ताई, बँड आत्ता बंद करू नका. दहावीच्या वर्षी 15 ऑगस्टचं संचलन तिला करू द्या आणि त्यानंतर तिची जागा खालच्या वर्गातल्या मुलीला देऊ द्या. 26 जानेवारीची तयारी पूर्वपरीक्षांच्या दिवसांत येते आणि लगेच फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्ड. तिथे दोन्हीकडे ओढाताण करून काहीच धड होत नाही. सरांना हे जूनमध्येच सांगून ठेवा. ऐन जानेवारीत एक ड्रमर कमी झाली तर अख्खी रांग नव्याने बसवावी लागते.

करिअरचं उत्तर मात्र ती घरी काय करते यावर आहे. मैदानावर सगळ्यांबरोबर वाजवणं सोपं असतं, शेजारच्याचा आधार मिळतो. घरी रबरी पॅडवर, कोणी न सांगता, ती रोज 20 मिनिटं बसते का? 5 मिनिटं एकेरी ठोके (प्रत्येक हाताने एकेक), 5 मिनिटं दुहेरी (प्रत्येक हाताने दोन-दोन), 5 मिनिटं पॅराडिडल (उजवा-डावा-उजवा-उजवा, डावा-उजवा-डावा-डावा) आणि उरलेली 5 मिनिटं चालू धून. मोबाइलवर मेट्रोनोम (ठरलेल्या वेगाने टिकटिक करणारं अ‍ॅप) मिनिटाला 60 ठोक्यांवर लावायचा, एक मिनिट सलग स्वच्छ आलं तरच 4 ने वाढवायचा. बहुतेक मुलांचा डावा हात इथे उघडा पडतो: दुहेरी ठोक्यातला दुसरा ठोका मवाळ पडतो. उपाय एकच, महिनाभर प्रत्येक सराव डाव्या हाताने सुरू करायचा. हे कंटाळवाणं काम जी मुलगी आवडीने करते, तिच्यासाठी पुढचा रस्ता आहे.

मैदानावर ती काय शिकते, तेही घरच्यांना सांगा, कारण बाहेरून ते नुसतं चालणं वाटतं. तेज चालीत मिनिटाला 120 पावलं, म्हणजे पावलाला अर्धा सेकंद. पाऊल 30 इंचांचं, आणि बेस ड्रमच्या (बँडमधल्या मोठ्या ड्रमच्या) ठोक्यावर डावा पाय. हात वेगळ्या लयीत, पाय वेगळे, डोळ्यांच्या कडेने उजवीकडची रांग सरळ ठेवायची. म्हणून आधी कदमताल करत नुसत्या टाळ्या, मग जागेवर वाजवणं, मग ड्रम गळ्यात घालून चालणं, असा क्रम हवा. घाई करून तिन्ही एकदम शिकवलं की वळणावर हात पायांच्या मागे धावू लागतात. वळताना आतल्या बाजूचे पावलं लहान करतात, बाहेरचे मोठी करतात. वेग मात्र तोच राहायला हवा, आणि नेमकं तिथेच बिघडतं. गर्दीसमोर उत्साहात 120 चे 128 कधी होतात, कळतही नाही.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. पहिल्या आणि शेवटच्या रांगेत 20 मीटर अंतर असेल तर पुढचा ठोका मागे सुमारे 0.06 सेकंद उशिरा पोचतो, म्हणजे एका पावलाच्या आठव्या भागाइतका. मागच्यांनी नुसतं कानावर विसंबून वाजवलं तर बँड फाटलेला ऐकू येतो. म्हणून बेस ड्रम मधोमध ठेवतात आणि ड्रम मेजरच्या, म्हणजे बँडच्या पुढे चालणाऱ्या म्होरक्याच्या, काठीकडे लक्ष द्यायला सांगतात. कस्तुरचंद पार्कसारख्या मोठ्या मैदानावर हे जास्त जाणवतं.

आता नोकरीचं. महाराष्ट्र पोलीस भरतीत बँड्समनची पदं निघतात. राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक 4 तर नागपुरातच आहे. हवाई दलात अग्निवीरवायू म्युझिशियन आणि नौदलात अग्निवीर एमआर (मॅट्रिक रिक्रूट, म्हणजे दहावी पास) म्युझिशियन अशा वेगळ्या भरत्या होतात. शिक्षणाची अट दहावी, मुलींनाही अर्ज करता येतो. अग्निवीरची सेवा मात्र 4 वर्षांची, त्यानंतर जास्तीत जास्त 25 टक्क्यांना पुढे ठेवतात. लष्करी संगीताचं प्रशिक्षण पचमढीला होतं. या सगळ्या जागा थोड्या आहेत, म्हणून अकरावीची शाखा बँडसाठी बदलू नका.

या निवड चाचण्यांत ठेक्याबरोबर स्वरही पाहतात: वाद्य सुरात लावणं, कानावर पडलेला स्वर आपल्या वाद्यावर काढणं, स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) वाचणं. नुसत्या साइड ड्रमवर मुलं इथेच अडतात. म्हणून दहावीनंतरच्या सुटीत क्लॅरिनेट, ट्रम्पेट किंवा युफोनियम या फुंकून वाजवायच्या वाद्यांपैकी एक हातात घ्यावं. दातांना तारा असतील तर ट्रम्पेट नको, ओठ आतून सोलवटतात. नोटेशन आत्ताच सुरू करा, आठवड्याला दोनदा अर्धा तास पुरे. जमलं तर ट्रिनिटी कॉलेज लंडनची ड्रमची सुरुवातीची ग्रेड परीक्षा द्या. परीक्षेच्या निमित्ताने नोटेशन वाचायची सवय लागते.

शरीराची काळजी तुमच्या हातात आहे. ड्रम डाव्या बाजूला लटकतो, पट्टा सैल असेल तर डावी कंबर दुखते. पट्ट्याची लांबी दर काही महिन्यांनी पाहा, ही वाढीची वर्षं आहेत. झांजांशेजारी रोज तासभर उभं राहणाऱ्या मुलांनी फोमचे इअरप्लग घालावेत. कानाचं नुकसान भरून येत नाही. संचलनात ताटकळताना गुडघे ताठ आवळले की रक्त पायांत साचतं आणि मुली कोसळतात. गुडघे किंचित सैल, बुटात बोटं हलवत राहायचं. अर्धा तास आधी दोन ग्लास पाणी, एक केळं. तर्री-पोहे प्रॅक्टिस झाल्यावर.

चिअरलीडिंगबद्दल माझं मत कडक आहे. 2021 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने या खेळाच्या जागतिक संघटनेला पूर्ण मान्यता दिली, तेव्हा त्याला नुसता नाच समजू नका. पण उचलण्याच्या प्रकारांत खाली दोघी, मागे डोकं-मान सांभाळणारी एक आणि खाली जाड मॅट हवीच. मांडीच्या उंचीवरची पकड 5 सेकंद न डगमगता टिकल्याशिवाय खांद्यावर चढवायचं नाही. सिमेंटच्या अंगणात, दहा दिवसांत मनोरा बसवणार असतील तर सरळ नकार द्या. नुसते हातवारे, घोषणा आणि आठच्या मोजणीवरची पावलं असतील तर खुशाल जाऊ द्या. आठाची मोजणी तिला बँडमुळे लगेच जमेल. मात्र दोन्हींच्या प्रॅक्टिस एकाच दिवशी नकोत.

येत्या पालकसभेत बँडच्या सरांना इतकं विचारा: प्रॅक्टिसचे दिवस कोणते, परीक्षेच्या किती आधी थांबवता, नोटेशन शिकवता की नुसतं ऐकून बसवता, आणि मार्चनंतर उन्हाळ्यात मैदान किती वाजता सोडता. उत्तरं वहीत लिहून घ्या आणि त्यावरून मुलीसोबत बसून आठवड्याचं वेळापत्रक आखा.