वाचक विचारतात : आठ-दहा युरोंत बरी वाईन

युरोपात राहणाऱ्या आणि तिकडे फिरायला जाणाऱ्या वाचकांनी परवडणाऱ्या वाईनबद्दल पाठवलेले प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : नोकरीनिमित्त स्टुटगार्टला आलो आहोत. सुपरमार्केटमध्ये तीन युरोंपासून चाळीसपर्यंत बाटल्या दिसतात. दहाच्या वर जायचं नाही. काय बघून घ्यावी?

उत्तर : या किमतीत लाकडाचे, म्हणजे ओकच्या पिंपात मुरवण्याचे, पैसे देऊ नका. ओकचं फ्रेंच पिंप २२५ लिटरचं असतं, म्हणजे त्यात जेमतेम ३०० बाटल्या भरतात. नव्या पिंपाची किंमत सातशे ते हजार युरोंच्या घरात. बाटलीमागे अडीच-तीन युरो नुसत्या पिंपात गेले, आणि माल वर्षभर तळघरात अडकून पडतो त्याचा खर्च वेगळाच. पाच युरोंच्या बाटलीवर ओकचा थाट मिरवलेला असेल आणि ओतताच व्हॅनिलाचा वास भसकन आला, तर बहुतेक वेळा टाकीत ओकचे तुकडे सोडलेले असतात. युरोपीय संघाने २००६ मध्येच त्याला परवानगी दिली आहे, त्यामुळे ही फसवणूक नव्हे. फक्त त्या व्हॅनिलाखाली द्राक्ष शोधायला गेलात तर हाती फारसं काही लागत नाही.

याउलट थंड किंवा समुद्राच्या वाऱ्यावरच्या प्रदेशातली, स्टीलच्या वा सिमेंटच्या टाकीत झालेली, आंबटपणा राखून असलेली वाईन स्वस्तातही चांगली निघते. आंबटपणा हवामान देतं, त्याचं बिल येत नाही. फ्रान्सच्या नांत शहराजवळची मुस्कादे घ्या, पण लेबलावर ‘स्यूर ली’ असेल तरच. ती हिवाळाभर यीस्टच्या गाळावर ठेवून तिथूनच बाटलीत भरतात, त्यामुळे तिच्यात थोडा भरीवपणा आणि किंचित खारट शेवट येतो; ते दोन शब्द नसलेली मुस्कादे पुष्कळदा पाणचट लागते. दक्षिण फ्रान्सची पिकपूल द पिने याच घरातली, जरा अधिक लिंबाळ. उत्तर पोर्तुगालची विन्यो वेर्दे हलकी, बरीचशी चुरचुरीत, अल्कोहोल साधारण ९ ते ११.५ टक्के. ती ताजीच प्यायची. चार-पाच युरोंच्या बाटलीवरचं वर्ष दोन वर्षांहून जुनं असेल तर तिथेच ठेवून द्या.

रेड हवी असेल तर फ्रान्सची बोजोले-व्हिलाज. द्राक्ष गामे, तुरटपणा कमी, अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून प्यायची. आणि तुम्ही तर व्युर्टेमबर्गमध्येच राहता : तिथली ट्रोलिंगर ही फिकी, हलकी रेड सहकारी संस्था लिटरच्या बाटल्यांतून विकतात. थोरामोठ्यांच्या ती खिजगणतीत नसते, पण भाकरी-पिठल्याबरोबर मस्त जाते.

बड्या नावांच्या सर्वांत स्वस्त बाटलीपासून मात्र लांब राहा. इटलीची बारोलो कायद्यानेच ३८ महिने मुरवावी लागते, त्यातले १८ लाकडात. एवढं करून ती अकरा-बारा युरोंना कशी परवडली, याचं उत्तर सहसा पहिल्या घोटातच मिळतं.

प्रश्न : लंडनमध्ये सहा पौंडांची वाईन आणि दहा पौंडांची वाईन यांत खरंच फरक असतो, की नुसतं मार्केटिंग?

उत्तर : ब्रिटनमध्ये हा फरक युरोपातल्या बहुतेक देशांपेक्षा जास्त असतो. तिथे १२ टक्के अल्कोहोलच्या बाटलीवर अडीच पौंडांहून अधिक अबकारी कर बसतो, बाटली स्वस्त असो वा महाग. वर २० टक्के व्हॅट. सहा पौंडांतले एक पौंड व्हॅटचे आणि अडीच अबकारीचे गेले, उरले जेमतेम अडीच. त्यात काच, बूच, वाहतूक, दुकानदाराचा नफा आणि मग कुठे द्राक्ष. दहा पौंडांच्या बाटलीत हेच उरलेले पैसे साधारण पावणेसहा होतात. म्हणजे चार पौंड जास्त मोजून वाईनवरचा खर्च दुपटीहून वाढतो. जर्मनीत साध्या वाईनवर अबकारी करच नाही, त्यामुळे तिथली पाच युरोंची बाटली लंडनच्या सहा पौंडांच्या बाटलीहून उजवी निघाली तर नवल नको.

प्रश्न : व्हेनिसला ‘एक्स्ट्रा ड्राय’ प्रोसेक्को मागवली तर गोडसर निघाली. चुकीची बाटली दिली का?

उत्तर : नाही, बरोबर दिली. फसफसणाऱ्या वाईनच्या लेबलावर लिटरमागे १२ ते १७ ग्रॅम साखर म्हणजे ‘एक्स्ट्रा ड्राय’, १७ ते ३२ म्हणजे ‘ड्राय’. कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली, हवी तर ‘ब्रूत’ मागा, १२ ग्रॅमपर्यंत. त्याहून कोरडी ‘ब्रूत नातुरे’, ३ ग्रॅमच्या आत. त्याच पैशांत स्पेनची कावा बहुधा जास्त देऊन जाते, कारण तिला फेस आणणारं दुसरं आंबवणं बाटलीतच करून किमान नऊ महिने गाळावर ठेवावं लागतं. प्रोसेक्कोचं हे काम सहसा मोठ्या टाकीत होतं.

प्रश्न : म्युनिकच्या आमच्या मंडळातले आठ जण घरी चाखण्याची बैठक करणार आहोत. किती बाटल्या, कोणत्या, आणि करायचं कसं?

उत्तर : सहा बाटल्या पुरेत. माणशी ५० मिली ओतलं तर आठ जणांत एका बाटलीतले ४०० मिली संपतात आणि उरलेले ३५० जेवणाला राहतात. सहाही वाईन गिळल्या तर माणशी ३०० मिली झाली. म्हणून प्रत्येकाला थुंकायला एक कागदी पेला द्या. थुंकलं तरी चव कळते, कारण चवीतला मोठा भाग घशामागून नाकात जाणाऱ्या वासाचा असतो. गाडी चालवणाऱ्याने गिळायचंच नाही.

एकेक सुटी वाईन चाखून नवख्याला काही हाती लागत नाही. जोड्या लावा : कावा आणि प्रोसेक्को, जर्मनीतल्या मोझेलची ड्राय रीसलिंग (फसफस नसलेल्या वाईनवर ‘ड्राय’ म्हणजे खरंच कोरडी) आणि तिथलीच हलकी काबिनेट रीसलिंग, बोजोले-व्हिलाज आणि स्पेनची रिओहा क्रियान्सा. काबिनेट घेताना अल्कोहोलचा आकडा बघा. मोझेलच्या बाटलीवर ८-९ टक्के असेल तर साखर पूर्ण आंबलेली नाही, म्हणजे गोडवा आहे, ११.५ च्या वर असेल तर ती कोरडीच. बाटल्यांना खाकी कागद गुंडाळून आकडे घाला. किंमत आधी कळली की जीभ किमतीप्रमाणे बोलते.

घरचा फ्रिज ४-५ अंशांवर असतो, इतक्या गारठ्यात वास दबतो. व्हाइट बाटल्या ओतण्याआधी पंधरा-वीस मिनिटं बाहेर काढा, रेड उलट अर्धा तास आत ठेवा. कावा-प्रोसेक्को मात्र गारच उघडा. कोमट बाटली फेसाळून टेबल भिजवते. उघडताना बूच घट्ट धरायचं आणि बाटली फिरवायची, बूच नाही. ग्लास वर निमुळता होणारा हवा, एक तृतीयांशाहून कमी भरलेला, म्हणजे फिरवता येतो. आधी न फिरवता हुंगा, मग फिरवून हुंगा, मग घोट घेऊन तोंडातून थोडी हवा ओढा. उदबत्ती, अत्तर आणि स्वयंपाकघरातली फोडणी त्या संध्याकाळपुरती बंद.

दोन्ही रीसलिंग झाल्या की ड्राय रीसलिंग पुन्हा थोडी ओता, आणि प्रत्येकासमोर बशीत मीठ, लिंबाची फोड आणि थोडा मध ठेवा. मिठाचे चार कण लावून लिंबाची फोड चोखा आणि वाईनचा घोट घ्या : मघाची आंबट वाईन एकदम मऊ, फळाळ लागते. आता पाण्याने चूळ भरून बोटावर मध चाटा आणि त्याच ग्लासातला घोट घ्या : तीच वाईन पातळ, बोचरी, जवळजवळ बिघडलेली वाटेल. खारट आणि आंबट खाणं वाईनला मऊ करतं, गोड खाणं तिला कडक करतं. जेवणाशी जोडी लावण्याचं निम्मं शास्त्र या दोन घोटांत येतं, आणि ‘माशाला व्हाइट, मटणाला रेड’ या पाठांतरापेक्षा ते जास्त उपयोगी पडतं. त्यानंतर कोरडा पाव खाऊन, दहा मिनिटं थांबून रेडकडे वळा.

प्रश्न : घरी आपलंच जेवण असतं : तळलेला बांगडा, कांदाभजी, तिखट मटण रस्सा. रेड वाईनबरोबर सगळंच बिघडतं. का?

उत्तर : तिन्हींची कारणं वेगवेगळी आहेत.

बांगड्याला तेल भरपूर. रेड वाईनमधलं लोह त्या तेलाशी भिडलं की तोंडात गंजट, मासळीचा उग्र वास उठतो. मुस्कादे, पिकपूल किंवा ब्रूत कावा घ्या. वरून कोकम किंवा लिंबू असेल तर वाईन त्याहून आंबट हवी, नाहीतर ती बेचव लागते.

कांदाभजीसाठी स्पेनच्या दक्षिण टोकाला बघा. कादिझ भागात गव्हाच्या पिठात हरभऱ्याचं पीठ मिसळून, बारीक कोळंबी घालून कुरकुरीत ‘तोर्तियितास दे कामारोनेस’ तळतात आणि सानलुकारची मान्सानिया शेरी पितात. जोडी तयारच आहे. मान्सानिया कडकडीत कोरडी, खारट, १५ टक्के अल्कोहोलची असते. ३७५ मिलीची छोटी बाटली घ्या, फ्रिजमधून थेट ओता आणि आठवड्याच्या आत संपवा; शेरी टिकते म्हणून ती शोकेसमध्ये उभी करून ठेवणं ही फार रूढ चूक आहे. ते इतर काही शेरींना थोडंफार चालतं, हिला नाही.

तिखटाचा त्रास अल्कोहोलमुळे वाढतो, कारण तोंडातला जो संवेदक मिरचीने पेटतो तोच अल्कोहोलनेही चेतवला जातो. त्यात कोऱ्या चहासारखा तुरटपणा असलेली १४.५ टक्क्यांची रेड म्हणजे आगीत तेल. झणझणीत रश्शाला मोझेलची काबिनेट घ्या : ८-९ टक्के, थोडी गोड, खूप आंबट. गोड वाईनचं नाव काढताच नाक मुरडणारे खूप आहेत, पण रश्शासमोर तेच दुसरा ग्लास मागतात. रेडच हवी असेल तर गार केलेली बोजोले. मटण सुकं असेल, मिरची बेताची आणि खोबरं-मसाला भाजलेला असेल, तर मात्र रिओहा क्रियान्सा बाहेर काढा. रिओहात कोकराच्या बरगड्या द्राक्षवेलीच्या काटक्यांवर भाजून याच वाईनबरोबर खातात. क्रियान्सा म्हणजे किमान दोन वर्षं मुरलेली, त्यातलं एक ओकमध्ये. आठ-नऊ युरोंत खरं पिंप मिळतं ते इथे, कारण पिंपं वर्षानुवर्षं पुन्हा वापरली जातात.

पुरणपोळीला यातलं काही चालणार नाही. वाईन पोळीहून गोड असावी लागते, म्हणून पोर्तुगालची मोस्कातेल दे सेतुबाल, छोट्या ग्लासात, तूप सढळ ठेवून.

प्रश्न : बाटलीच्या तळाशी काचेसारखे खडे होते. दुसरीला ओल्या पुठ्ठ्याचा वास होता. दोन्ही फेकल्या. बरोबर केलं ना?

उत्तर : पहिली उगाच फेकली. ते द्राक्षातल्याच टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक, थंडीत खाली बसतात. बाटली उभी ठेवून सावकाश ओता. दुसरीचं बूच दूषित होतं. ती प्यायल्याने अपाय होत नाही, पण हवा लागली तरी तो वास जात नाही, वाढतोच. बूच लावून बाटली दुकानात परत न्या, पावती जोडा. बरीच दुकानं बदलून देतात. विझलेल्या काडीचा किंवा सडक्या अंड्याचा हलका वास असेल तर घाई करू नका, जगमध्ये ओतून अर्धा तास ठेवला की तो बहुधा उडून जातो.

प्रश्न : पुण्याला परतताना किती आणि कोणती आणावी?

उत्तर : प्रत्येक प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काविना आणता येतं, म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या; तिसरीने आकडा सव्वादोन लिटरवर जातो. चेक-इन बॅगेत, मधोमध, प्रत्येक बाटली आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि मग स्वेटरमध्ये. विन्यो वेर्दे आणि मान्सानिया आणू नका, त्यांचा ताजेपणा टिकत नाही. काबिनेट आणि क्रियान्सा आणा. एप्रिल-मेमध्ये कपाट पस्तीस अंशांवर जातं आणि तिथे वाईन शिजते, बूच वर सरकतं. खास वाईनचा फ्रिज नसेल तर नेहमीच्या फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यात आडवी ठेवा आणि दिवाळीपर्यंत उघडा.