मंडेचा एम लहानच का काढतो?

"शंभरदा सांगितलं मॅडम, तरी मंडेचा एम लहानच काढतो." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आई खुर्चीत बसून वही बाहेर काढायला लागली की मला पुढचं कळतं. मूल सहा-सात वर्षांचं, शाळा इंग्रजी माध्यमाची, घरात बोलणं मराठी. आणि त्यामागून खरी भीती येते, आवाज जरा खाली करून, "लक्षच नसतं त्याचं, काही प्रॉब्लेम तर नसेल ना?" म्हणून ही ओमची गोष्ट सांगते (नाव बदललंय).

ओम दुसरीत. वहीभर लाल गोल. आईने घरी प्रत्येक चुकलेला शब्द दहा-दहा वेळा लिहून घेतलेला, आणि आता रविवारी रात्री पोट दुखायला लागलं होतं कारण सोमवारी डिक्टेशन. पहिल्या दोन भेटींत तो नुसती चित्रं काढत बसला, मीही बसू दिलं. तिसऱ्या वेळी वही घेतली आणि चुका बघायच्या सोडून बरोबर काय आलंय ते बघायला लागले. संडे कॅपिटलने. सॅटर्डे कॅपिटलने. मे, दिवाळी, दोन्ही कॅपिटल. मंडे स्मॉल, जून स्मॉल, प्रत्येक पानावर. आणि समर मात्र ऐटीत कॅपिटल एस घेऊन, त्यावरही लाल गोल.

लक्ष नसलेलं मूल इतकं नेमाने चुकत नाही हो!

मी विचारलं, "ओम, संडेला मोठा एस दिलास, मंडेला मोठा एम का नाही?"

"मावशी, मंडे कुठे इम्पॉर्टंट आहे?"

"आणि जून?"

"जूनमध्ये तर शाळा सुरू होते."

आई बाजूलाच बसली होती. दोन मिनिटं काहीच बोलली नाही, मग म्हणाली, "मीच सांगितलं होतं त्याला, इम्पॉर्टंट शब्दांना कॅपिटल असतं म्हणून. सोपं जावं म्हणून सांगितलं." म्हणजे मुलगा आईचाच नियम तंतोतंत पाळत होता, आणि दर आठवड्याला मार्क गमावत होता. इतकी वर्षं हे काम करतेय पण असा क्षण आला की अजून अंगावर काटा येतो. पियाजे नावाचा स्विस अभ्यासक तरुणपणी पॅरिसमध्ये मुलांच्या बुद्धीच्या चाचण्यांवर काम करत होता, तिथे त्याला बरोबर उत्तरांपेक्षा चुकलेली उत्तरंच जास्त बोलकी वाटायला लागली. मी त्याच वाटेवरची. चूक दिसली की मुलाने कुठला नियम लावला ते आधी विचारायचं, खोडायचं नंतर.

मग आम्ही नियम बदलला. इम्पॉर्टंट नाही, नाव. मी म्हटलं, "बॉय वर्गात कितीतरी, पण ओम हे तुझं नाव, म्हणून ओ मोठा. तसे डे सात, त्यातल्या एकाचं नाव मंडे. मंथ बारा, त्यातल्या एकाचं नाव जून. तुला चिमटे काढतो ना तो मुलगा, त्याचं नाव कसं लिहितोस?"

"कॅपिटलने."

"आवडत नाही तरी?"

तो बराच वेळ पेन्सिल चावत बसला. मग म्हणाला, "म्हणजे मंडेला पण द्यायला लागणार." त्या दिवसापासून मंडे चुकला नाही म्हटलं तरी चालेल.

पण पुढच्या भेटीत त्याने मला पकडलं. "समर पण नावच आहे ना?" इथे पालक बहुतेक गडबडतात आणि काहीतरी कारण रचून सांगतात. रचू नका. इंग्रजीची तशी पद्धत आहे, वार-महिने-सणांना कॅपिटल, समर-विंटरला नाही, एवढंच खरं. मी त्याला सांगितलं की फ्रेंच, स्पॅनिश लोक वार आणि महिनेही लहान अक्षराने लिहितात, आणि जर्मनमध्ये टेबल-खुर्चीलाही कॅपिटल लागतं. त्याला भारी मजा वाटली. "आणि मराठीत?" मराठीत लहान-मोठं अक्षर नाहीच. सोमवारचा सो तेवढाच, सोनाराचा सो तेवढाच. आपल्या मुलांना ही गोष्ट घरच्या भाषेतून मिळतच नाही, ती कोरी करकरीत शिकावी लागते, हे पालकांनी आधी मान्य करायला हवं, मग निम्मी चिडचिड तिथेच संपते.

अजून एक. भिंतीवरचं कॅलेंडर दाखवून शिकवत असाल तर बघा, त्यावर बऱ्याचदा महिन्याचं इंग्रजी नाव अख्खंच कॅपिटलमध्ये छापलेलं असतं, मूल त्यातून पहिलं अक्षर वेगळं कसं काढणार? त्यापेक्षा त्याच्या हाताने एका महिन्याचं कॅलेंडर करून घ्या, वारांची नावं त्यालाच लिहू दे. आधी स्वतःचं नाव, मग वार, ते बसले की महिने, मग सण. समर-विंटर अगदी शेवटी. दहा-दहा वेळा लिहून घेणं आजच बंद करा, त्याने हात दुखतो आणि चुकीचा नियम आहे तिथेच राहतो. वयाच्या आठव्या वर्षानंतरही अक्षरं उलटीसुलटी येत असतील, वाचताना ओळ सुटत असेल तर मात्र नीट तपासून घ्या, तो विषय वेगळा.

ओमने केलेलं कॅलेंडर आईने मला आणून दाखवलं. संडेचा एस चौकट भरून, रंगवलेला. मंडेचा एम कॅपिटलच, पण इतका बारीक की चष्मा लावून बघावा लागला. "हे दुरुस्त करून घेऊ का?" आईने विचारलं. मी म्हटलं, अजिबात नको.